बोटभर कमी

चाक मोडलं तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. लाल झालेली लोखंडी धाव आम्ही चाकाभोवती बसवली होती, मी एका बाजूनं आणि माझा मुलगा उत्तम समोरच्या बाजूनं, दोघांच्या हातांत लांब सांडश्या. मग घागरीमागून घागर पाणी ओतलं, वाफ उठली आणि लोखंड निवत निवत आवळायला लागलं. तेव्हा चाक कुरकुरतं. ते कुरकुरणं चांगलं असतं. आरे मधल्या तुंब्यात घट्ट बसताहेत, कडेच्या लाकडी पाट्यांचे सांधे मिटताहेत, असा त्याचा अर्थ. सुताराच्या कानाला त्यापेक्षा गोड काही नाही. पण या वेळी ते थांबेचना. कुरकुर वाढत गेली, एक आरा वाकला, दुसरा वाकला, तिसरा मधोमध फाटला आणि त्याची ढलपी उत्तमचा गाल ओरखडून गेली. पाटे एकमेकांवर चढले. अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच आवाज, आणि अठरा दिवसांचं काम संपलं. चिंचेखाली खुर्ची टाकून बसलेले त्र्यंबकराव वकील उठून उभे राहिले. ते काही बोलायच्या आत मी चाकाला वळसा घालून गेलो आणि उत्तमला मारलं. आधी थोबाडीत. तो खाली वाकला म्हणून पाठीत. मग हातात रिकामी घागर होती ती त्याच्या खांद्यावर फुटली. वकील ओरडत होते, “दगडू! अरे दगडू, जिवानिशी मारशील पोराला!” मी म्हणालो, “पोर माझं हाय, वकीलसाहेब.” ते म्हणाले, “आणि चाक माझं आहे. ते कोणाच्या पाठीवर दुरुस्त होणार आहे?” वकीलच ते. मी थांबलो तो त्यांच्या बोलण्यामुळे नाही, दम लागला म्हणून. उत्तम उठला, खापरं गोळा केली आणि मागच्या बाजूला नेऊन टाकली. त्याच्या गालावरून रक्त ओघळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

लोक म्हणतात, दगडू सुताराचा हात सैल आहे. सैल म्हणजे काय? माझ्या हातानं काढलेला आरा तुंब्यात जातो तेव्हा दोऱ्याला जागा राहत नाही. हात माझा सैल नाही. तो माझ्या आधी जातो, एवढंच. मी पोचतो तेव्हा काम झालेलं असतं. मग मी तिथं उभा असतो, तळहात चुरचुरत असतो, समोरचं माणूस आडवं असतं, आणि मला दरवेळी वाटतं की आत्ता कोणी तरी येऊन गेलं. तुळसाला, माझ्या बायकोला, मी एकदा हे सांगायला गेलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मग त्या येऊन जाणाऱ्याला सांगा, पुढल्या वेळी तव्यावर हात मारून जा म्हणावं.” पोरासारखंच तिलाही मी मारलेलं आहे, पण ती बोलायची थांबत नाही. उत्तम बोलत नाही. सोळा वर्षांचा झाला, ओठावर लव आली, खांदे माझ्यापेक्षा रुंद झाले. पण मार खाताना तो जे तोंड मिटतो ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडत नाही. मुक्या माराला मुकाच माणूस मिळाला, असं मी एकदा हसत म्हणालोही होतो. कोणी हसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मोडलेल्या चाकाशी बसून राहिलो. आमचं कामाचं छप्पर ठाण्यात रुळांच्या पलीकडे, कोपरीच्या बाजूला आहे. मागे मिठागरं, वारा सुटला की ओठ खारट होतात. पुढ्यात शिग्राम, म्हणजे छपराची घोडागाडी, उभा होता, तीन चाकांवर आणि चौथ्या बाजूला ओंडका लावलेला. हा शिग्राम माझ्या बापानं कल्याणला बांधला, आगगाडी यायच्या कितीतरी आधी, या वकिलांच्या मामलेदार बापासाठी. मामलेदार त्यातून कचेरीला जायचे, दोन घोडे, दारांना हिरव्या झिलमिल्या. मग रूळ आले, आणि कल्याणचा माणूस ठाण्याला बिडी संपायच्या आत पोचायला लागला. शिग्राम गोठ्यात गेला तो वीस वर्षं तिथंच. यंदा वकिलांच्या धाकट्या मुलीचं लग्न कल्याणला ठरलं आणि त्यांच्या मनानं घेतलं की जावयाची वरात निघेल ती आपल्या वडिलांच्याच शिग्राममधून. मला म्हणाले, दगडू, तुझ्या बापाचं काम आहे, तुझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आम्ही तो बैलगाडीवर लादून आणला तेव्हा बैठकीखाली कोंबडीचं अंडं सापडलं होतं, वाळून हलकं झालेलं. उत्तमनं ते कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, “बा, मामलेदार आत हायेत.” मी इतका हसलो की मला खाली बसावं लागलं. तो दिवस मला फार आवडतो. आम्ही दोघांनी मिळून काळा रंग खरवडला, खाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली साग निघाला, आणि सागाला नाक लावून उत्तम म्हणाला की अजून वास येतोय. खरंच येत होता. असं पोर कोणाला मिळतं? मी मनात म्हणालो, याला जन्मात हात लावणार नाही. पुढच्याच आठवड्यात पटाशी उन्हात राहिली म्हणून लावला.

शिग्राम माझ्याही अंगावर लिहिलेला आहे. तो बांधला तेव्हा मी उत्तमएवढा होतो. हेच डावं मागचं चाक. बाभळीच्या आऱ्याचं कूस, तुंब्यात शिरणारं टोक, मी गव्हाभर बारीक काढलं आणि बापानं तोच आरा उचलून माझ्या कानशिलावर घातला. दोन दिवस मी ओकत होतो. तेव्हापासून डाव्या बाजूचं जग मला विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं ऐकू येतं. बाप मात्र त्याच चाकावर हात फिरवत म्हणाला, “बघ, आता कसा बसला.” हे मी लोकांना हसत सांगतो. जे सांगत नाही ते हे की त्यानंतर आठ दिवसांनी आम्ही त्या चाकाची धाव तापवली. गोवऱ्यांच्या आगीतून लाल कडं उचललं, एका बाजूनं बाप, एका बाजूनं मी. दोघांनी एकाच दमात उचलायचं असतं, एकाच दमात चालायचं असतं, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, कारण एकानं पाऊल चुकवलं तर कडं दुसऱ्याच्या अंगावर जातं. बाप माझ्याकडे बघत होता. मी सांडशी सोडली. चुकून सुटली, असं मी बोंबललो, गावानंही तेच म्हटलं. कडं त्याच्या पावलावर पडलं. मांसाचा वास आला, तो मला ओळखीचा वाटला, भूक लागल्यावर येतो तसा, आणि ते वाटणंच मला सगळ्यात भ्यायला लावणारं होतं. बाप मरेपर्यंत लंगडला. त्यानं मला एकदाही विचारलं नाही, आणि त्या दिवसानंतर माझ्यावर हातही उचलला नाही. म्हणजे मार थांबवायचा कसा ते मला ठाऊक आहे. उत्तमला ते कोणी शिकवलेलं नाही.

तुळसानं दिवा लावायच्या आत मी मोडक्या चाकावरून धाव तोडून काढली आणि माप पुन्हा बघायला घेतलं. आमच्या घरात धावेचं माप असं घेतात: चाकाच्या कडेभोवती ओली सुतळी गुंडाळायची, ती लोखंडाच्या पट्टीवर लांब पसरायची, आणि जिथं सुतळी संपते तिथून मागे एक बोट मोजून पट्टी तोडायची. बोटभर कमी. तेवढं कमी असलं की तापून फुगतं, चाकावर चढतं आणि निवल्यावर आवळतं. हे बोट घरच्या कर्त्याचं असतं, उजव्या हाताचं मधलं. कर्ता जिवंत आहे तोवर मुलाचं बोट पट्टीवर पडत नाही. माझ्या बापाला तिरडीवर ठेवला, आणि तेराव्यानंतर मी पहिल्यांदा माझं बोट लोखंडाला लावलं; तेव्हा मला रडू आलं होतं, बाप गेला तेव्हा आलं नव्हतं. तर मंगळवारी, चाक मोडायच्या तीन दिवस आधी, मी माप घेत होतो तेव्हा उत्तम हळूच म्हणाला, “बा, माझं बोट धरू काय?” सरळ तोंडावर. मी जिवंत, धडधाकट, पट्टीवर ओणवा, आणि हा पोरगा मला तिरडीवर बांधतो आहे. मी तिथल्या तिथं त्याला लाथ घातली. तो कोपऱ्यात जाऊन बसला, मी बोट लावलं, दोन्ही बाजूंना टोचणीनं रेघ ओढली, पट्टी तोडली आणि लोहाराकडे सांधायला पाठवली.

मंगळवारी तोडलेला तो तुकडा अजून भुशात पडला होता. मी तो उचलला. त्यावर माझ्या दोन रेघा होत्या. मी मधे बोट ठेवलं. दोन्ही बाजूंना जागा राहिली. एकेका बाजूला तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी. मी बोट फिरवलं, दाबलं, दुसऱ्या हाताचं लावून बघितलं. मग मला सोमवार आठवला.

सोमवारी तुळसाचा भाऊ पोपट डोंबिवलीहून आला होता. तो परळला आगगाडीच्या कारखान्यात लागला आहे, अंगात सदरा, बोलण्यात साहेब. म्हणाला, “भावजी, उत्तमला धाडा माझ्यासंगती. चाकं तिथं बी हायेत, पण माप पितळी पट्टीनं घेतात, कुनाच्या बोटानं नाय. आनि भोंगा झाला का कुनी कुनाला बोलत पन नाय, मारनं दूरच.” मी म्हणालो बघू. तो गेल्यावर उत्तमला विचारलं, जातोस काय? तो बोलला नाही. म्हणजे जायचं होतं. ‘नाही’ म्हणायला त्याला कितीसा वेळ लागला असता? तोंड उघडत नाही म्हणून मी त्या तोंडावर मूठ मारली, आणि त्याचा सुळा माझ्या मधल्या बोटाच्या पेरात रुतला. रात्रीतून बोट वांग्यासारखं फुगलं. मंगळवारी ते तसंच होतं, सूज नंतर उतरली. मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, पण पोरानं बघितलं होतं. तो मला तिरडीवर बांधत नव्हता. तुमचं बोट सुजलंय हे म्हणायची त्याची छाती नव्हती, कारण का सुजलंय तेही मग म्हणावं लागलं असतं. म्हणून त्यानं आपलं पुढे केलं. पट्टी दोन दाणे जास्त तुटली. शुक्रवारी चाक मोडलं. आणि शुक्रवारी मी पुन्हा त्यालाच मारलं.

मी त्या तुकड्यावर किती वेळ बोट ठेवून बसलो होतो कोण जाणे. मला लाज वाटली, हे मी सरळ सांगतो. लाज वाटली आणि तिच्या पाठोपाठ राग आला, त्याचाच, की हा बोलला का नाही. बैल तरी मान झटकतो. मी जागचा उठलो, आत जाऊन त्याला हलवून विचारावं असं वाटलं आणि स्वतःच्याच पायांना घाबरून परत खाली बसलो. हा पोरगा आता जाणार. त्याच्याशिवाय माझ्याजवळ काही नाही, ना भाऊ, ना दुसरं मूल, आणि सागाचा वास ओळखणारं दुसरं नाक या मुलखात नाही. तो राहील तर एकाच गोष्टीनं. मी त्याला सांगायला हवं की माझं चुकलं. दोन शब्द. मी ते तोंडात घोळवून बघितले. बापानं कधी म्हटले नाहीत, मी कधी ऐकले नाहीत. परक्या मुलखातली भाषा असावी तसे ते जिभेवर बसेनात.

म्हणून मी दुसरंच केलं. लग्नाला दहा दिवस होते. आम्ही नवे आरे काढले, पाटे काढले, चाक पुन्हा जुळवलं. आणि माप घ्यायची वेळ आली तेव्हा मी सुतळी पसरून बाजूला झालो. म्हणालो, “लाव तुझं बोट.” मला वाटलं, यात सगळं आलं. मी जिवंतपणी माझी जागा त्याला देतो आहे. आमच्या सात पिढ्यांत कोणी दिली नाही. उत्तम माझ्याकडे बघायला लागला. वाकला नाही. मी पुन्हा म्हणालो, “लाव म्हनतो ना.” “नको बा. तुमीच लावा.” “लाव!” त्यानं बोट ठेवलं. मग मागे घेतलं, पुन्हा ठेवलं, त्यामुळे मला रेघ दोनदा ओढावी लागली. त्याचं बोट माझ्याएवढंच होतं, अगदी तंतोतंत. त्याला पाणी पाजायला म्हणून तुळसा आली, तर ती पट्टीकडे बघून थबकली आणि मला म्हणाली, “आता ह्ये बी मोडलं तर त्याच्या बोटावर जाईल, व्हय ना?” माझ्या ते मनातही नव्हतं. पण उत्तमच्या मनात तेच होतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्या दोघांना माझी इतकी चांगली ओळख आहे हे मला सहन झालं नाही. मी लोहाराकडे निघून गेलो.

धाव तापवायच्या दिवशी वकील पुन्हा येऊन चिंचेखाली बसले. गोवऱ्यांचा निखारा झाला, कडं लाल झालं, मग पिवळसर. आम्ही दोन्हीकडून सांडश्या लावल्या. “हं,” मी म्हणालो, आणि उचललं. मधे ते कडं, पलीकडे तो, भुवया जळतील एवढी धग. एका दमात पाऊल, एका दमात पाऊल. तो माझ्या डोळ्यांत बघत होता, बघावंच लागतं. मी मनात म्हणालो, सोड. मी खरंच म्हणालो. आत्ता सोड, माझ्या पावलावर पडू दे, चिघळू दे, मी बोंबलेन की चुकून सुटली, मग फिटलं सगळं, मग मी तुला कधी हात लावणार नाही आणि तुला जायला नको. मी पायांचे अंगठे वर ओढून घेतले होते, मार खायला पाठ ताठ करावी तसे. त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. रागसुद्धा नव्हता. कडं पोटात घातल्यासारखं त्यानं सांभाळून आणलं, चाकावर टेकवलं, हातोड्यानं माझ्याआधी ठोकलं, पाणी ओतलं. वाफ उठली. चाक कुरकुरलं, कुरकुरलं आणि वेळेवर थांबलं. मी आऱ्यावर टिचकी मारली. घंटेसारखं वाजलं.

वकील खूश झाले. चाकावर काठी आपटून बघितली, उत्तमच्या पाठीवर थाप मारली. थाप बसताना तो आखडला. “वा! मग त्या दिवशी काय बिनसलं होतं रे?” त्यांनी विचारलं, आपलं सहज. मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण माझ्याआधी उत्तम म्हणाला, “माजं चुकलं व्हतं, साहेब. माप माज्याकडनं चुकलं.” वकील म्हणाले, “असू दे, शिकतोस अजून,” आणि छत्री उचलून रुळांकडे निघून गेले.

आम्ही दोघंच राहिलो. वाफेनं ओलं झालेलं चाक मधे. मी म्हणालो, “खोटं कशाला बोललास?” तो म्हणाला, “खोटं नाय.” “माप तू घेतलं व्हतंस?” “नाय.” “मग कुनाचं चुकलं?” “माजं.” मी आवाज खाली आणला, जनावराला चुचकारताना आणतात तसा. म्हणालो, “उत्तम, बोट सुजलं व्हतं. तुला दिसलं व्हतं. बोल, कुनाचं चुकलं?” तो माझ्या हाताकडे बघत होता. तोंडाकडे नाही, हाताकडे. “माजं चुकलं, बा.” मला त्याच्या तोंडून फक्त एकदा खरं ऐकायचं होतं, त्यानं म्हटलं असतं तर मी पाया पडायलाही तयार होतो. “अरे माजं चुकलं म्हन! म्हन, ‘बा, तुमचं चुकलं!’” “माजं चुकलं,” तो म्हणाला, आणखी भरभर, “माजंच चुकलं, परत नाय व्हनार, परत नाय व्हनार,” आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली. अजून मी काही केलं नव्हतं. मी काहीसुद्धा केलं नव्हतं, आणि हा आधीच डोकं झाकून उभा. त्यानं माझं डोकं फिरलं. मी त्याची कोपरं उपसून काढली आणि त्याच्या तोंडात मारली, खोटं बोलतो म्हणून, पुन्हा मारली, तो चाकावर पडला, अजून ऊन असलेल्या लोखंडाला त्याचा दंड लागून चर्र झालं.

तो उठला. दंडाकडे बघितलं नाही. पहिल्यांदाच त्यानं हात खाली सोडले, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “तुमचं.”

“हां!” मी म्हणालो. “बरोबर. शाबास.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरला. झालं एकदाचं, आता सगळं सुरळीत होईल, दोघं मिळून शिग्राम कल्याणला नेऊ, वाटेत त्याला मी बापाच्या पावलाची गोष्टसुद्धा सांगेन, असं माझ्या मनात आलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झालो. तो मला ओलांडून हौदाकडे गेला, हात धुतले, तोंड धुतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं. तुळसा घरातून बाहेर आली. तिच्या हातात त्याचं गाठोडं होतं, वरची गाठ पक्की आवळलेली. ते तिनं कधी बांधून ठेवलं होतं, मला ठाऊक नाही. तिनं ते त्याला दिलं आणि म्हणाली, “जा. गाडीला अजून येळ हाय, पळू नको.”